दोरी ओढत बसण्याआधी: लॉन मोव्हर चालू होत नसेल तर काय काय तपासावं

"मशीन चालूच होईना बघा ओ, दोरी ओढून ओढून हात गेला." लग्नसराईत असा फोन आला की मी आधी विचारतो, पेट्रोल कधी भरलं होतं? पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "आहे की, अर्धी टाकी आहे." किती आहे हे मी विचारलेलंच नसतं, कधीचं आहे ते विचारलेलं असतं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला माझं लहान इंजिनांचं वर्कशॉप आहे. होटगी रोड, विजापूर रोडकडच्या मंगल कार्यालयांची लॉन, शाळांची मैदानं, जुळे सोलापुरातल्या बंगल्यांच्या बागा, इथली गवत कापायची मशीनं माझ्याकडे येतात. सांगोला, मोहोळकडून डाळिंबाच्या बागेतले ब्रश कटर येतात. यातली बरीच मशीनं खरं तर घरीच दुरुस्त होण्यासारखी असतात. ती बिघडतात कमी आणि चुकीच्या क्रमाने खोलल्यामुळे जास्त बिघडवली जातात. मशीन चालू झालं नाही की माणूस स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि थेट कार्ब्युरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, स्क्रू फिरवतो. मूळ दोष स्पार्क प्लगमध्ये किंवा टाकीत असतो, तो तसाच राहतो, आणि नीट असलेलं मिक्श्चर बिघडतं. म्हणून हे सगळं लिहायचा माझा हट्ट एकच: क्रम पाळा. जे फुकट आणि दोन मिनिटांत तपासता येतं ते आधी, खोलायचं ते नंतर, आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू सगळ्यांत शेवटी.

इंजिनाला पेटायला पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब लागतो, आणि ठिणगी अगदी नेमक्या वेळी पडावी लागते. यापैकी काय कमी पडतंय हे शोधायचं, बस.

हात लावण्याआधी एक गोष्ट. मशीन उघड्यावर, सावलीत आणा. इंजिन गार होऊ द्या. पात्याच्या जवळ हात जाणार असेल तर प्लगची टोपी काढून बाजूला करा. पातं हाताने फिरवलं तरी आत पिस्टन फिरतो, आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन एक ठोका मारू शकतं. तेवढ्यात बोट जातं. पेट्रोलचं काम चालू असताना बिडी, उदबत्ती, शेजारी पेटलेली शेगडी काही नको. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना मी हे रोज सांगतो आणि इथेही सांगतोच.

आधी दोरी काय सांगते ते बघा

चार-स्ट्रोक मोव्हरच्या हँडलला एक आडवी दांडी असते, ती हँडलला दाबून धरल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ती सोडली की फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, ब्रेक लागतो आणि ठिणगीचा करंट बंद होतो. नवीन माळी, बदली कामगार यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते दांडी सोडून जोर लावतात. या दांडीची केबल कालांतराने ताणली जाते. दांडी पूर्ण दाबूनही खालचा लिव्हर पुरता सरकत नसेल तर ब्रेक अर्धवट लागलेला राहतो आणि करंटही तुटलेला राहतो. केबलचं नट फिरवून ताण वाढवला की काम होतं.

आता दोरी हळू ओढा. अडथळा जाणवेपर्यंत ओढायची, परत जाऊ द्यायची आणि मग एका दमात पूर्ण ओढायची. सुरुवातीपासूनच हिसका दिला तर दोरी आणि स्प्रिंग दोन्ही जातात.

दोरी अजिबात हलत नसेल तर पात्याखाली ओलं गवत घट्ट बसलंय का बघा. ते नसेल तर प्लग काढा आणि पुन्हा ओढा. प्लग काढल्यावर दोरी सुटली आणि भोकातून तेल किंवा पेट्रोल उडालं, तर सिलिंडरमध्ये द्रव भरला होता. मशीन चुकीच्या कुशीवर झोपवल्याने हे होतं. पातं साफ करायला मोव्हर आडवा करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरची बाजू नेहमी वर राहिली पाहिजे. उलट केलं तर क्रँककेसमधलं तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. प्लग काढून तीन-चार वेळा दोरी ओढली, प्लग पुसला, फिल्टर बदलला किंवा धुतला, तेलाची पातळी बघून घेतली की झालं. पहिली काही मिनिटं पांढरा धूर निघेल, घाबरू नका.

दोरी फार सैल, काहीच जोर न लागता येत असेल तर दाबाचा प्रश्न आहे. आणि दोरी हातातून मागे हिसकली जात असेल तर गोष्ट वेगळी आहे, त्याबद्दल खाली सविस्तर.

पेट्रोल: सोलापुरात निम्मा दोष इथे

आमच्याकडे शाळांचे मोव्हर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास कोपऱ्यात ढकलले जातात आणि मृग निघेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. मधले पाच महिने पत्र्याच्या शेडखाली. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर असतो, पत्र्याखाली त्याहूनही जास्त. टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, तिथून पेट्रोलचा हलका भाग उडून जातो. गार इंजिन पेटवायला नेमका तोच हलका भाग लागतो. उरतं ते जड पेट्रोल. काडी लावली तर पेटेल, वासही येईल, पण कार्ब्युरेटरमधून हवेत नीट मिसळणार नाही. "पेट्रोल तर आहे" म्हणणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं, त्या पेट्रोलने इंजिन उठत नाही एवढंच.

त्यात आता इथेनॉल आलं. आधी १० टक्के मिसळत होते, २०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, येऊ लागलं आणि आता पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. मला इथेनॉलबद्दल तक्रार करायची नाही. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, उसाला त्यातून पैसा मिळतो, आणि माझी अर्धी गिऱ्हाइकं ऊसवालीच आहेत. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं हे माहीत पाहिजे. रोज चालणाऱ्या गाडीत त्याला वेळच मिळत नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या मोव्हरच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्यात भरपूर वेळ मिळतो. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कार्ब्युरेटरला जाणारी नळी तळाशीच असते. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला आधी तेच येतं. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या, वायसर, प्रायमरचा बल्ब यांना जास्त इथेनॉल मानवत नाही, ते फुगतात नाही तर कडक होऊन तडकतात. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. तुमच्या मशीनचं पुस्तक असेल तर ते एकदा उघडून बघा.

तपासायची रीत सोपी. टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि काही वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा पेट्रोल गढूळ, पिवळं पडलेलं असेल आणि वास ताज्या पेट्रोलऐवजी वॉर्निशसारखा आंबट येत असेल, तर सगळं काढून टाका. अर्धं जुनं, अर्धं नवं असं करू नका. टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या बाऊलखालचा (पेट्रोल साठणाऱ्या वाटीखालचा) ड्रेन स्क्रू सोडून तिथलंही काढा, मग ताजं पेट्रोल घाला. बाऊल विसरला तर वरती कितीही ताजं घाला, पहिला घोट जुनाच जाणार. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका.

मी आमच्या उन्हाळ्यात पेट्रोलला एक महिना धरतो. त्यापुढे उभ्या मशीनमध्ये ठेवायचं नाही.

टाकीत ताजं पेट्रोल आहे, तरी मशीन थोडं चालून बंद पडतं, पुन्हा काही वेळाने चालू होतं? मग टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. तसं चाललं तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. झाकण धुवा, भोक मोकळं करा. आणि हो, पेट्रोल कॉक. तो चालू आहे ना, एवढं एकदा बघा.

चोक खरंच बंद होतोय का

गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल आणि कमी हवा लागते, म्हणून चोक. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इथेही चोकशिवाय मोव्हर उठत नाही. मेच्या दुपारी, थोडं आधी चाललेल्या मशीनला चोक लावला तर उलट ते पेट्रोलने बुडतं.

हँडलवरचा लिव्हर चोकच्या खुणेवर नेला म्हणजे चोक लागला असं समजू नका. एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. तिथली गोल चकती पूर्ण आडवी होऊन तोंड बंद करते का? केबल ढिली असेल तर चकती पाव भाग उघडी राहते आणि गार मशीन कितीही ओढलं तरी उठत नाही. बोटाने चकती बंद करून दोरी ओढली आणि इंजिन उठलं, तर दोष केबलच्या क्लिपमध्ये आहे. क्लिपचा स्क्रू सैल करून केबल थोडी पुढे सरकवायची. ज्या मशीनला चोकऐवजी रबरी बल्ब असतो तिथे तो तीन ते पाच वेळा दाबायचा. बल्ब तडकला असेल तर तो पेट्रोल ढकलत नाही, नुसती हवा सोडतो.

फिल्टर हातात आहेच तर तोही बघून घ्या. काळ्या मातीची बारीक धूळ इथे उन्हाळाभर उडते आणि फोमचा फिल्टर तिने भरतो. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पिळून पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून पुन्हा दाबून जास्तीचं तेल काढा. कागदाचा फिल्टर धुवायचा नाही. कडेवर हलकेच आपटून धूळ झाडायची, उजेडासमोर धरायचा, उजेड आरपार दिसला नाही तर नवीन घ्यायचा. बाहेरच्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते.

फिल्टरशिवाय मशीन चालवून "आता चांगलं चालतंय" म्हणणारे भेटतात. मला हे ऐकवत नाही. ती धूळ सिलिंडर आणि रिंगा घासते, आणि एका हंगामात दाब जातो. फिल्टर काही शे रुपयांत येतो, सिलिंडर-पिस्टनचा खर्च विचारूच नका.

प्लग वाचायला शिका

प्लग पाना हा तुमच्याकडचा सगळ्यांत उपयोगी पाना. मशीन चालू करायचा नीट प्रयत्न करून लगेच प्लग काढा आणि त्याचं टोक बघा.

टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. मग पेट्रोल कॉक, नळी, कार्ब्युरेटर या वाटेने शोधा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. एक तर मशीन फ्लड झालंय, नाही तर करंट नाही. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी पडतेय: फिल्टर बुजलाय किंवा चोक अडकून राहिलाय. काळं आणि तेलकट असेल तर तेल वर येतंय: तेल जास्त भरलं, मशीन उलट झोपवलं, किंवा रिंगा झिजल्या. चांगल्या चाललेल्या प्लगचं टोक शेंगेच्या टरफलासारखं फिकट तपकिरी असतं.

फ्लड झालेलं मशीन सोडवायचं तर चोक पूर्ण उघडा, रेस पूर्ण द्या, प्लग बाहेर ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा म्हणजे आतलं जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. प्लग पुसून वाळवा. थोडा वेळ मशीनला सोडा, मग चोक न लावता चालू करा. प्लग गॅसवर भाजून लावायची पद्धत मी पाहिली आहे. ती सोडून द्या. पोर्सेलिनला तडा गेला तर दिसतही नाही आणि करंट तिथूनच गळतो.

आता करंट. प्लग पुन्हा टोपीत घाला, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते म्हणून त्यावर आधी कापड ठेवा. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या. प्लगला हाताने धरू नका, टोपीच्या रबराला किंवा इन्सुलेटेड पक्कडीने धरा. हँडलची दांडी दुसऱ्या माणसाला दाबायला सांगा आणि दोरी ओढा. हे सावलीत करा, उन्हात ठिणगी दिसत नाही. जाड, निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, कधी पडते कधी नाही अशी असेल तर आधी नवीन प्लग लावून बघा. दोषी पार्ट शोधण्याची ही सगळ्यांत स्वस्त पायरी.

प्लग घेताना जुन्यावरचा नंबर वाचून तोच घ्या. दुकानदार "हा पण बसतो" म्हणेल. आटे बसतात, पण आटे असलेल्या भागाची लांबी वेगळी निघाली तर पिस्टनला टेकू शकतो. मोठ्या चार-स्ट्रोक मोव्हरला बहुतेक ठिकाणी ०.७ ते ०.८ मिमी गॅप लागते. फिलर गेज नसेल तर हाताच्या हॅक्सॉचं ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड असतं, ते गॅपमधून किंचित सैल गेलं पाहिजे. गॅप वाढवायची-कमी करायची ती बाहेरचा वाकडा दात वाकवून, मधल्या टोकाला हात लावायचा नाही. बसवताना प्लग आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा. वायसरला टेकल्यावर नवीन प्लग पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर पावफेऱ्याच्या आत. हेड अल्युमिनियमचं असतं, आटे गेले की लेथवाल्याकडे जायची वेळ येते.

नवीन प्लगनेही करंट नसेल तर

इथे लोक लगेच कॉइल (ठिणगीसाठी करंट तयार करणारा पार्ट) विकत आणतात. थांबा. कॉइलवरून एक बारीक वायर हँडलच्या ब्रेककडे किंवा बंद करायच्या स्विचकडे जाते. ती वायर इंजिनाला टेकली की करंट बंद, म्हणूनच मशीन थांबतं. ही वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, किंवा उंदराने कुरतडली, तर मशीन कायमचं "बंद" स्थितीत राहतं. गोडाऊनमध्ये ठेवलेल्या मशीनला उंदीर लागतोच. वरचं कव्हर काढून ती वायर कॉइलपासून तात्पुरती सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. करंट आला तर कॉइल ठीक आहे, वायर किंवा स्विच दुरुस्त करा. वायर सोडवलेली असताना मशीन चालू मात्र करू नका, ते दांडी सोडून थांबणार नाही.

वायर सोडवूनही करंट नाही, तर कॉइल आणि फ्लायव्हीलच्या मॅग्नेटमधली फट बघा. मॅग्नेटवर गंज चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा. फट साधारण ०.३ ते ०.४ मिमी लागते, जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून कॉइल मॅग्नेटला चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचं. एवढं करूनही ठिणगी नसेल तरच नवीन कॉइल.

दगड लागला होता का

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, आणि माळी मालकासमोर बहुधा "नाही" म्हणतो. त्याला रागावू नका, नाही तर खरं कळणार नाही. आपल्याकडे काळ्या मातीतून मुरूम आणि काळ्या दगडाचे गोटे वर येत राहतात. गवतात ते दिसत नाहीत. पातं गोट्यावर आदळतं, इंजिन जागेवर थांबतं, पण जड फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे जायला बघतं. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा दांडा) यांच्या मध्ये खाचेत बसणारी एक छोटी धातूची पट्टी असते, तिला 'की' म्हणतात; ती अशा वेळी कापली जाते किंवा अर्धवट सरकते. की थोडी जरी सरकली तरी मॅग्नेटची जागा बदलते आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. पेट्रोल आहे, करंट निळाशार आहे, दाब आहे, तरी मशीन उठत नाही. किंवा दोरी हातातून मागे खेचते, फिल्टरमधून फटाका वाजल्यासारखा आवाज येतो.

फ्लायव्हीलचं नट काढून वरून बघितलं की शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच एका रेषेत आहेत की नाही हे दिसतं. जरा सरकलेली दिसली तरी की बदलायची. काही कंपन्या ही की मुद्दाम मऊ धातूची करतात. दगड लागला तर महागडा क्रँकशाफ्ट वाकण्याऐवजी की तुटावी म्हणून. आमच्या एमआयडीसीत लेथवर पाच मिनिटांत पोलादी की घडवून मिळते आणि लोक ती हौसेने बसवतात. तसं करू नका. पुढच्या दगडाला की टिकेल आणि शाफ्ट वाकेल. कंपनीची मूळ की मागवा.

त्याच वेळी पातं तपासा. साध्या मोव्हरमध्ये पातं थेट शाफ्टला जोडलेलं असतं आणि त्याचं वजन इंजिनाला फिरत ठेवायला मदत करतं. पात्याचा बोल्ट ढिला असेल तर दोरी हिसके देते आणि मशीन अवघड उठतं. कितीतरी वेळा बोल्ट आवळण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही.

आता कार्ब्युरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि प्लग कोरडाच येतोय, तर कार्ब्युरेटर खोलायला हरकत नाही. खोलण्याआधी मोबाइलवर स्प्रिंगा आणि तारांचे फोटो काढा. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे नंतर आठवत नाही, आणि चुकीच्या भोकात गेली तर इंजिन भलत्या वेगाने पळतं.

पेट्रोल कॉक बंद करून बाऊलचा बोल्ट काढा. बाऊलमध्ये तपकिरी चिकट थर किंवा पांढरी भुकटी असेल तर तुमचा दोष सापडला. मधल्या खांबातलं मेन जेट (पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोकाचं तोंड) काढा आणि उजेडाकडे धरून बघा, गोल उजेड दिसला पाहिजे. त्याच्या वरची बारीक भोकांची नळीही काढा. पायलट जेट सहसा वरच्या बाजूला, रेसच्या स्क्रूजवळ असतं. मशीन चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं, तेव्हा मेन जेट किंवा पायलट जेट यांपैकी एक बुजलेलं असतं. सगळं कार्ब्युरेटर क्लीनर स्प्रेने धुवा. भोक मोकळं करायला विजेच्या वायरमधला एक बारीक तांब्याचा धागा वापरा. सुई, खिळा नको. जेटचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं, स्टीलची सुई घातली की ते कायमचं मोठं होतं. फ्लोट (बाऊलमधला तरंगणारा भाग) हलवून पेट्रोल आत पोचतं का आणि वर उचलल्यावर बंद होतं का, हेही बघा. बाऊलचा रबरी वायसर फुगला असेल तर नवीन टाका.

धुऊनही सुधारलं नाही तर अनेक लोकप्रिय मॉडेलचे आख्खे कार्ब्युरेटर बाजारात मिळतात. स्वस्तातल्याची जेट प्रत्येकात सारखी नसतात, म्हणून मी शक्यतो जुनाच धुऊन वापरतो.

दाबाबद्दल थोडक्यात. दोरी सैल येत असेल तर झडपांची फट तपासावी लागते. बऱ्याच १६० सीसीच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात गार असताना इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी फट लागते. फट संपली तर झडप पूर्ण बसत नाही आणि दाब गळतो. रिंगा झिजल्या असतील तर ते घरचं काम नाही.

गार असताना चालतं, गरम झाल्यावर पुन्हा उठत नाही

मंगल कार्यालयाचा माळी अर्धं लॉन कापतो, पाणी प्यायला थांबतो आणि परत आल्यावर मशीन मुकाट. मे महिन्यातली ही नेहमीची तक्रार. दोन कारणं असतात. एक, गरम इंजिनाजवळच्या बाऊलमध्ये आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. मशीन सावलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा, चोक लावू नका, इंजिनाच्या पंख्याची जाळी आणि सिलिंडरच्या खाचांमध्ये अडकलेलं वाळकं गवत काढा. गरम असताना टाकीचं झाकण फटकन उघडू नका, आतल्या दाबाने पेट्रोल सायलेन्सरवर उडू शकतं. दुसरं, कॉइल गरम झाल्यावर आतून तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. हे पकडायचं तर मशीन बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी बघा. तेव्हा नसेल आणि तासाभराने असेल तर कॉइल बदला. थंड मशीनवर ही कॉइल कधीच दोषी दिसत नाही, म्हणून मेकॅनिककडून ते मशीन "ठीक आहे" म्हणून परत येतं.

ब्रश कटरवाल्यांसाठी: दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोल-ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकाप्रमाणे. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. अंदाजाने धार ओतू नका, मापाची बाटली ठेवा. जास्त तेलाने प्लग आणि सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते, कमी तेलाने पिस्टन चिकटतो. टाकीतली नळी आणि तिच्या टोकाचा फिल्टर हुकने बाहेर काढून बघा, नळीला तडा असेल तर ती पेट्रोलऐवजी हवा ओढते. कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक झाला असेल तर धुऊन उपयोग नाही, पडद्याचा किट टाका.

मशीन महिन्याहून जास्त उभं राहणार असेल तेव्हा टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काढा. प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोरी हळू दोन वेळा ओढा, प्लग लावा आणि पुन्हा हळू ओढून जिथे अडथळा लागेल तिथे थांबा. तिथे दोन्ही झडपा बंद असतात, त्यामुळे ओलावा आत शिरत नाही.

आणि शेवटी मेकॅनिककडे आणायचंच झालं, तर काढलेला जुना प्लग फेकू नका, कागदात गुंडाळून सोबत द्या. त्याच्यावर अर्धं निदान लिहिलेलं असतं. जो माणूस मशीन चालवतो त्यालाच सोबत पाठवा किंवा फोनवर द्या, कारण बंद पडण्याआधी आवाज कसा झाला, धूर कोणत्या रंगाचा होता हे मालकाला माहीत नसतं. रिक्षात घालताना पेट्रोल कॉक बंद, प्लगची टोपी काढलेली, आणि आडवं करावं लागलंच तर एअर फिल्टर वरच्या बाजूला.